रिअ‍ॅक्शन लावणारी माणसं

रसायनशास्त्राच्या शोधनिबंधात प्रयोगाची कृती अगदी थोडक्यात छापलेली असते. अमुक इतके ग्रॅम, तमुक इतके मिलिलिटर, तापमान शून्य अंश, मिश्रण रात्रभर ढवळलं, गाळलं, शुद्ध केलं, उत्पादन ७२ टक्के. सात-आठ ओळींत सगळं आटोपतं. त्या ओळींमागे कोणीतरी संध्याकाळी फ्लास्क ओव्हनमधून काढून गरम असतानाच नायट्रोजनखाली गार करायला ठेवलेला असतो, कारण काचेला चिकटलेला हवेतला ओलावाही ती अभिक्रिया बिघडवायला पुरतो. कोणीतरी रात्रीचं जेवण उरकून हॉस्टेलवरून पुन्हा लॅबमध्ये येतं. फ्लास्कवरचा नायट्रोजनचा फुगा टिकून आहे ना, तळाशी चुंबकाची कांडी फिरते आहे ना, एवढं बघून जातं. आणि ७२ टक्के हाती लागण्याआधी त्याच अभिक्रियेने कितीदा तरी दहा-बारा टक्क्यांवर बोळवण केलेली असते.

विद्यापीठातल्या रसायनशास्त्राच्या संशोधन प्रयोगशाळेत नेमकं कोण कोण असतं, हे बाहेरच्या माणसाला सहसा ठाऊक नसतं. शास्त्रज्ञ म्हटलं की पांढरा कोट घातलेले एक प्राध्यापक डोळ्यांपुढे येतात. प्रत्यक्षात प्राध्यापक, म्हणजे विद्यार्थ्यांच्या भाषेत ‘गाइड’, यांचा बराचसा वेळ तास घेण्यात, प्रकल्पाचे प्रस्ताव लिहिण्यात, निबंध तपासण्यात आणि समित्यांच्या बैठकांत जातो. बाकापाशी उभं राहून काम करतात ती बाविशी-तिशीतली मुलं-मुली. एम.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाचा प्रोजेक्ट करायला आलेले, एखाद्या प्रकल्पावर ठरावीक मुदतीसाठी नेमलेले प्रोजेक्ट असिस्टंट, पीएच.डी.चे विद्यार्थी, पीएच.डी. होऊन पुढचा अनुभव घेणारे पोस्टडॉक. त्यांच्या भोवती उपकरणं सांभाळणारे, स्टोअर बघणारे, काच जोडून देणारे, सिलिंडर वाहणारे. माझं म्हणणं असं की रसायनशास्त्राचं निम्मं ज्ञान या माणसांच्या हातांत असतं. एकाच्या हातून ते दुसऱ्याच्या हाती गेलं तरच टिकतं, आणि म्हणून या माणसांची काळजी घेणं म्हणजे विज्ञानाचीच काळजी घेणं आहे.

हातातलं ज्ञान म्हणजे काय, हे कळायला कॉलम लावणाऱ्या विद्यार्थ्याशेजारी तासभर उभं राहावं. अभिक्रिया संपली तरी फ्लास्कमध्ये हवा तो पदार्थ एकटा नसतो. न बदललेला कच्चा माल, नको असलेले जोडपदार्थ, कधी डांबरासारखा चिकट काळा गाळ, सगळं एकत्र असतं. ते वेगळं करण्यासाठी उभ्या काचेच्या नळीत सिलिका जेल भरतात, त्यावर मिश्रण चढवतात आणि हेक्झेन, इथाइल अ‍ॅसिटेट अशी द्रावकं त्यातून सोडतात. सिलिकाची ओढ ज्याला कमी तो पदार्थ आधी खाली उतरतो, ज्याला जास्त तो मागे रेंगाळतो. खाली परीक्षानळ्यांची रांग लागलेली असते. कोणत्या नळीत काय उतरलं हे बघायला प्रत्येकीतला थेंब टीएलसीच्या पट्टीवर टेकवायचा. ही पट्टी म्हणजे अ‍ॅल्युमिनियमच्या पत्र्यावर दिलेला सिलिकाचा पातळ थर. पट्टी द्रावकात उभी करायची, द्रावक वर चढलं की बाहेर काढून २५४ नॅनोमीटरच्या अतिनील दिव्याखाली धरायची. हिरवट चमकणाऱ्या पट्टीवर काळे ठिपके दिसतात. जो पदार्थ या उजेडात दिसत नाही त्याच्यासाठी पट्टी पोटॅशियम परमँगनेटच्या द्रावणात बुडवून तापवायची. जांभळ्यावर पिवळे डाग उमटतात.

एवढी कृती कोणत्याही पुस्तकात मिळेल. पण सिलिका भरताना मध्ये हवेचा बुडबुडा राहिला तर पदार्थांचे पट्टे वाकडे उतरतात आणि वेगळे होत आलेले दोन पदार्थ पुन्हा एकमेकांत मिसळतात. द्रावकाची पातळी सिलिकाच्या खाली गेली तर कॉलमला तडे जातात आणि दिवसभराची मेहनत वाया जाते. बुडबुडे निघावेत म्हणून नळीवर कुठे आणि किती जोराने टिचक्या मारायच्या, वर वाळूचा थर किती द्यायचा, द्रावकाचं प्रमाण कधी बदलायचं, हे शेजारी उभा असलेला सीनियर ‘थांब अजून, आता सोड’ म्हणतो तेव्हा कळतं. दोन-तीन महिन्यांत हात बसतो. मग तोच ज्युनिअर पुढच्या वर्षी आलेल्याला ‘थांब अजून’ म्हणू लागतो. या पद्धतीचा जनक मिखाइल त्स्वेत हा रशियन वनस्पतिशास्त्रज्ञ. १९०३ च्या सुमारास वॉर्सामध्ये काम करताना त्याने भुकटी भरलेल्या नळीतून पानांचा अर्क सोडला आणि हिरवे-पिवळे पट्टे वेगळे होताना पाहिले. त्याच्यानंतर सव्वाशे वर्षांत यंत्रं कितीतरी आली, तरी बहुतेक विद्यापीठांत काचेची उभी नळी आणि सिलिकाचा डबा अजून रोजच्या वापरात आहे.

विद्यार्थ्यांनी भरलेली आणि संशोधन करता करताच शिक्षण देणारी अशी प्रयोगशाळा ही तशी अलीकडची गोष्ट. अठराव्या शतकात रसायनशास्त्रज्ञ घरच्या किंवा संस्थेच्या एखाद्या खोलीत एक-दोन मदतनिसांना घेऊन काम करत. विद्यार्थी व्याख्यानं ऐकत आणि समोर करून दाखवलेले प्रयोग लांबून बघत. हे चित्र बदललं ते मुख्यतः जर्मनीतल्या गीसेन या छोट्या गावी. युस्टुस लीबिग १८२४ मध्ये तिथे प्राध्यापक म्हणून आला तेव्हा तो २१ वर्षांचा होता. पॅरिसमध्ये गे-ल्युसॅकच्या प्रयोगशाळेत काम करून त्याचा हात तयार झालेला होता. गीसेनला त्याच्या वाट्याला आली सैन्याच्या बराकीतल्या पहारेकऱ्यांची इमारत. कोळशाच्या शेगड्या, धूर, जागेची अडचण. तरीही युरोपभरातून मुलं तिथे येऊ लागली. सगळं श्रेय एकट्या लीबिगला देऊ नये, हेही खरं. ग्योटिंगेनला स्ट्रोमायरने त्याच्या आधीच विद्यार्थ्यांना प्रयोगशाळेत आणलं होतं. पण पंधरा-वीस जणांनी एकाच वेळी खऱ्या संशोधनाच्या प्रश्नांवर काम करायचं, हा कारखाना लीबिगनेच उभा केला.

हे त्याला जमलं त्यामागे काचेचं एक साधं उपकरण होतं. १८३१ मध्ये त्याने पाच फुग्यांची एक त्रिकोणी नळी बनवली. कार्बनी पदार्थ जाळला की निघणारा कार्बन डायऑक्साइड त्या फुग्यांमधल्या पोटॅशियम हायड्रॉक्साइडच्या द्रावणात शोषला जाई. नळीचं वजन आधी करायचं, मग नंतर करायचं. दोन वजनांतल्या फरकावरून पदार्थात कार्बन किती हे निघे. बर्झेलियससारख्या निष्णात रसायनशास्त्रज्ञाचाही खूप वेळ खाणारं विश्लेषण आता नीट शिकवलेल्या विद्यार्थ्याला करता येऊ लागलं. विद्यार्थी नुसते शिकणारे राहिले नाहीत, ते प्रयोगशाळेचं बळ झाले. अमेरिकन केमिकल सोसायटीच्या बोधचिन्हात ही पाच फुग्यांची नळी आजही आहे.

त्या प्रयोगशाळेचं १८४२ मध्ये ट्राउटशोल्ड या चित्रकाराने काढलेलं एक चित्र रसायनशास्त्राच्या इतिहासाच्या पुस्तकांत हमखास असतं. टोप्या घातलेले तरुण, कोणी खलात काहीतरी घोटतो आहे, कोणी नळी हातात धरून न्याहाळतो आहे. त्यात मेक्सिकोहून शिकायला आलेला ओर्तिगोसा आहे, पुढे मोठा शास्त्रज्ञ झालेला हॉफमन आहे, आणि आउबेल नावाचा प्रयोगशाळेतला नोकरही आहे. या चित्राबद्दल मला विशेष वाटतं ते याच गोष्टीचं. पावणेदोनशे वर्षांपूर्वीच्या त्या खोलीतल्या शिपायाचं नाव आपल्याला आज माहीत आहे. आपल्याकडच्या किती विभागांच्या सुवर्णमहोत्सवी स्मरणिकांत लॅब मामांचा फोटो नावानिशी सापडेल?

गवयांची घराणी असतात तशी रसायनशास्त्रज्ञांचीही असतात. लीबिगचा हॉफमन १८४५ मध्ये लंडनला गेला आणि तिथल्या रॉयल कॉलेज ऑफ केमिस्ट्रीचा प्रमुख झाला. त्याच्या हाताखालचा विल्यम पर्किन १८५६ मध्ये ईस्टरच्या सुट्टीत घरच्या प्रयोगशाळेत क्विनाइन बनवायला गेला आणि जांभळा रंग घेऊन बाहेर आला. पर्किन तेव्हा अठरा वर्षांचा होता. कृत्रिम रंगांचा सगळा उद्योग तिथून सुरू झाला.

आपल्याकडे हे घराणं उभं केलं प्रफुल्लचंद्र राय यांनी. एडिंबरा विद्यापीठाची डी.एस्सी. घेऊन ते परतले आणि १८८९ मध्ये कलकत्त्याच्या प्रेसिडेन्सी कॉलेजात रुजू झाले. १९१६ पासून ते विद्यापीठाच्या सायन्स कॉलेजात होते. लग्न केलेलं नव्हतं. कॉलेजच्याच इमारतीतल्या एका खोलीत ते अखेरपर्यंत राहिले. वयाची साठ वर्षं पूर्ण झाल्यावर पुढचा सगळा पगार त्यांनी रसायनशास्त्र विभागासाठी देऊन टाकला. नीलरतन धर, ज्ञानचंद्र घोष, ज्ञानेंद्रनाथ मुखर्जी हे त्यांचे विद्यार्थी. पुढे देशभरच्या विद्यापीठांत आणि संस्थांत ज्यांनी रसायनशास्त्र रुजवलं त्यांतले कितीतरी त्यांच्या तालमीत तयार झालेले होते. १९२४ मध्ये इंडियन केमिकल सोसायटी स्थापन झाली तेव्हा पहिले अध्यक्ष साहजिकच राय होते.

मुंबईत हेच काम माटुंग्याने केलं. मुंबई विद्यापीठाचा रासायनिक तंत्रज्ञान विभाग १९३३ मध्ये सुरू झाला. जुन्या लोकांच्या तोंडी अजून यूडीसीटी हेच नाव असतं, आणि २००८ पासून ते अभिमत विद्यापीठ आहे. मुंबईच्या कापड गिरण्यांना रंगांचं शास्त्र जाणणारी माणसं हवी होती. १९३८ मध्ये विभागाची सूत्रं के. वेंकटरामन यांच्याकडे आली. मँचेस्टरला रॉबर्ट रॉबिन्सन यांच्याकडे काम केलेला हा माणूस फ्लेव्होन या वनस्पतींतल्या पिवळ्या द्रव्यांचा आणि रंगांचा जाणकार होता. बेकर-वेंकटरामन पुनर्रचना ही अभिक्रिया आजही एम.एस्सी.च्या अभ्यासक्रमात शिकवली जाते. १९५७ मध्ये ते पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेचे पहिले भारतीय संचालक झाले. माटुंग्याच्याच पुढच्या पिढीत मनमोहन शर्मा, आणि त्यांच्याकडे १९६९ मध्ये पीएच.डी. झालेले रघुनाथ माशेलकर. शर्मा यांच्याकडे शिकलेले आणि त्यांच्या शिष्यांकडे शिकलेले लोक आज महाराष्ट्र-गुजरातच्या रासायनिक उद्योगात जिकडेतिकडे भेटतात.

पण या घराण्यांचं दार सगळ्यांना उघडं नव्हतं. मुंबई विद्यापीठातून बी.एस्सी. उत्तम रीतीने उत्तीर्ण झालेली कमला भागवत, दुर्गा भागवतांची धाकटी बहीण, १९३३ मध्ये बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत गेली तेव्हा संचालक सी. व्ही. रामन यांनी तिला मुलगी म्हणून प्रवेश नाकारला. तिचे वडील आणि काका याच संस्थेत शिकलेले रसायनशास्त्रज्ञ. तिने माघार घेतली नाही. शेवटी मिळाला तो अटींवर मिळालेला प्रवेश: वर्षभर कामाची पारख होईल, तोवर नियमित विद्यार्थिनी म्हणून मान्यता नाही, आणि तिच्यामुळे पुरुष संशोधकांचं लक्ष विचलित होता कामा नये. ही शेवटची अट आज वाचतानाही संताप येतो. श्रीनिवासय्या या गुरूंनी तिला कामाला जुंपलं, दूध आणि कडधान्यांतल्या प्रथिनांवर तिने काम केलं, आणि त्यानंतर संस्थेत मुलींना प्रवेश मिळू लागला. १९३९ मध्ये ती केंब्रिजची पीएच.डी. झाली. पुढे कमला सोहोनी या नावाने मुंबईच्या विज्ञान संस्थेत त्यांनी जीवरसायनशास्त्र शिकवलं आणि नीरेवर आपल्या विद्यार्थ्यांकडून संशोधन करून घेतलं.

आज अनेक विभागांत मुली बरोबरीने दिसतात. तरी अभिक्रिया रात्री अकराला संपणारी असेल आणि मुलींच्या हॉस्टेलचं फाटक दहाला बंद होत असेल, तर प्रयोगाची आखणी फाटकाच्या वेळेप्रमाणे करावी लागते. गरोदरपणात कोणतं द्रावक हाताळायचं आणि कोणतं टाळायचं, हे विचारायला गाइडपाशी जाण्याचा संकोच अजून सगळीकडे गेलेला नाही. या गोष्टी कोणत्याही शोधनिबंधात येत नाहीत, पण काम कोण करू शकतं आणि कोण अर्ध्यात सोडतं, हे त्यांच्यावर ठरतं.

आता ज्यांची नावं निबंधावर सहसा येत नाहीत त्यांच्याकडे वळू. त्यांतही ग्लासब्लोअरपाशी जरा जास्त वेळ थांबू, कारण हा माणूस प्रयोगशाळांमधून नाहीसा होत चालला आहे.

प्रयोगशाळेतली काच बोरोसिलिकेटची असते. साध्या बाटलीच्या काचेपेक्षा ती उष्णतेने फार कमी प्रसरण पावते, म्हणून तापवून बर्फात ठेवली तरी सहसा तडकत नाही. ती मऊ पडायला मात्र आठशेच्या वर अंश सेल्सिअस लागतात. त्यासाठी गॅसच्या ज्योतीत ऑक्सिजन सोडावा लागतो. ग्लासब्लोअर डोळ्यांवर डिडिमियमचा चश्मा लावतो, कारण तापलेल्या काचेतल्या सोडियमचा ५८९ नॅनोमीटरचा झगझगीत पिवळा उजेड डोळ्यांपुढची काच दिसूच देत नाही. चश्मा तेवढाच उजेड अडवतो. मग दोन्ही हातांनी दोन नळ्या एकाच वेगाने फिरवत तो त्यांची तोंडं ज्योतीत धरतो. वेग जरा मागेपुढे झाला की मऊ काच पिळवटते. तोंडं नारिंगी झाली की ती एकमेकांना टेकवायची, जोड पुन्हा ज्योतीत धरायचा, तोंडात धरलेल्या रबरी नळीतून हलकी फुंकर घालून जोडाचा फुगवटा सारखा करायचा. किती फुंकायचं हे गाल आणि डोळे मिळून ठरवतात. काम संपलं असं बघणाऱ्याला वाटतं तेव्हा खरा धोका उरलेला असतो: काच असमान गार झाली तर आत ताण राहतो आणि आठवड्याने, महिन्याने ती आपोआप तडकते. म्हणून वस्तू भट्टीत साधारण ५६० अंशांवर ठेवून सावकाश गार करतात, आणि ध्रुवित प्रकाशात धरून ताणाचे रंग राहिलेत का ते बघतात.

हे सगळं कशासाठी, तर हवेशी जमत नाही अशा रसायनांचं काम काचेच्या जोडनळ्यांवर चालतं. एका नळीत निर्वात पोकळी, दुसरीत नायट्रोजन, मध्ये फिरवायचे खटके. अशी लाइन प्रत्येक लॅबच्या गरजेनुसार बनवून घ्यावी लागते. तडा गेलेला फ्लास्क व्हॅक्यूमला लावला तर तो आत कोसळून फुटतो आणि काचा चेहऱ्यावर उडतात. तो तडा वेळीच ओळखणारा आणि दुरुस्त करणारा माणूस इमारतीत असला तर केवढा आधार असतो. शिवाय विद्यार्थी कागदावर वेडंवाकडं चित्र काढून आणतो आणि ग्लासब्लोअर म्हणतो, ‘इथे नळी सरळ घेऊ नको, द्रव साचेल, उतार देऊ.’ असं बोलता बोलता प्रयोगच सुधारतो. ही कला वर्षानुवर्षं उस्तादाशेजारी बसून येते. अमेरिकेत न्यू जर्सीतल्या सेलम कम्युनिटी कॉलेजमध्ये तिचा पदवी अभ्यासक्रम आहे. आपल्याकडे अनेक ठिकाणी ग्लासब्लोअर निवृत्त झाले की जागा रिकामीच राहते, काम बाहेरच्या दुकानात जातं, आणि दुकानदाराला प्रयोग ठाऊक नसतो. ही जागा न भरणं म्हणजे काटकसर, असं मानणाऱ्यांशी मी मुळीच सहमत नाही.

एनएमआरच्या खोलीत वेगळीच शिस्त. रेणूची रचना सांगणारं हे यंत्र म्हणजे अतिवाहक तारेचं प्रचंड शक्तिशाली चुंबक. ते उणे २६९ अंशांच्या द्रव हेलियममध्ये बुडालेलं असतं, आणि त्याभोवती उणे १९६ अंशांच्या द्रव नायट्रोजनचं वेष्टन असतं. दिवाळी असो की गणपती, नायट्रोजन वेळेवर भरावाच लागतो. हेलियम संपू दिलं तर चुंबकाचं अतिवाहकत्व जातं आणि उरलेलं हेलियम क्षणात उकळून उडून जातं. हे चुंबक बटण दाबून बंद करता येत नाही, ते कायम चालूच असतं. म्हणून लोखंडी पाना घेऊन आत जायचं नाही आणि पेसमेकर असलेल्याने जवळ फिरकायचं नाही. विद्यार्थी पेन्सिलीपेक्षा बारीक नळीत अर्धा मिलिलिटर द्रावण आणून देतात आणि यंत्र सांभाळणाऱ्या ऑपरेटरपुढे रांग लागते. त्या माणसाची नजर तयार झालेली असते. आलेखावर ७.२६ ला क्लोरोफॉर्मची ओळखीची रेघ, तिच्या बाजूला काय आहे हे बघून तो सांगतो, ‘अरे, यात इथाइल अ‍ॅसिटेट राहिलंय, परत सुकवून आण.’

आणि मामा. आपल्याकडे प्रयोगशाळा परिचराला मामा आणि सफाई करणाऱ्या बाईंना मावशी म्हणायची पद्धत आहे. ती मायेचीही आहे, आणि त्यांचं नाव विसरायला लावणारीही. सकाळी कुलूप उघडणं, सिलिंडर आणणं, द्रव नायट्रोजनचं भांडं भरून आणणं, कोणती बाटली कुठल्या कपाटात आहे हे तोंडपाठ असणं, हे सगळं मामांकडे. टाकाऊ द्रावकांच्या बाटल्याही त्यांच्याच हातांतून जातात. कार्बनी द्रावकांच्या बाटलीत कोणी नायट्रिक आम्ल ओतलं तर ती बाटली फुटू शकते, आणि तेव्हा तिच्याशेजारी बहुधा मामा किंवा मावशी असतात. बाटलीवरचा इशारा इंग्रजीत, सुरक्षिततेचं प्रशिक्षण झालंच तर तेही इंग्रजीत. हे मराठीत करायला फार पैसे लागत नाहीत, कोणीतरी मनावर घ्यावं लागतं.

सगळ्यात नाजूक जागी असतो तो नवीन आलेला माणूस. २९ डिसेंबर २००८ रोजी लॉस एंजेलिसच्या कॅलिफोर्निया विद्यापीठात शेहरबानो संगजी ही २३ वर्षांची संशोधन सहायक टर्शरी-ब्युटिललिथियम सिरिंजने काढत होती. हे द्रावण हवा लागताच आपोआप पेट घेतं. नुकतीच पदवी घेऊन ती त्या प्रयोगशाळेत आली होती आणि जेमतेम काही आठवडे झाले होते. मोठ्या प्लास्टिक सिरिंजचा दट्ट्या बाहेर आला. अंगात लॅब कोट नव्हता, सिंथेटिक स्वेटर होता, तो पेटला. १८ दिवसांनी, १६ जानेवारी २००९ ला तिचा मृत्यू झाला. पुढे विद्यापीठावर आणि प्रयोगशाळेच्या प्रमुखांवर फौजदारी आरोप ठेवले गेले, २०१२ आणि २०१४ मध्ये तडजोडी झाल्या, अमेरिकेतल्या विद्यापीठांचे नियम कडक झाले. पण मूळ प्रश्न साधा होता. असलं द्रावण दोन टोकांच्या लांब सुईतून नायट्रोजनच्या दाबाने कसं न्यायचं, सिरिंज घेतलीच तर किती भरायची, बाटली क्लॅम्पमध्ये कशी पकडायची, हे शेजारी उभं राहून करून दाखवायचं असतं आणि मग नवख्याच्या हातून आधी निरुपद्रवी द्रावकावर करून घ्यायचं असतं.

आणि कधी अनुभवी माणसालाही नियम अपुरे पडतात. अमेरिकेतल्या डार्टमथ कॉलेजच्या प्राध्यापक कॅरेन वेटरहान यांच्या लेटेक्सच्या हातमोज्यावर ऑगस्ट १९९६ मध्ये डायमिथाइल मर्क्युरीचे थेंब पडले. फ्यूम हूड, हातमोजे, सगळी काळजी तेव्हाच्या रीतीप्रमाणे घेतलेली होती. काही महिन्यांनी चाल आणि बोलणं बिघडू लागलं आणि ८ जून १९९७ रोजी त्या गेल्या. नंतरच्या चाचणीत कळलं की ते द्रव लेटेक्समधून काही सेकंदांतच पार होतं. कोणत्या रसायनाला कोणता हातमोजा, याकडे आज जे लक्ष दिलं जातं त्यात त्यांच्या मृत्यूचा वाटा आहे.

पैशांबद्दलही बोललं पाहिजे. नेट परीक्षेतून अधिछात्रवृत्ती मिळालेल्या संशोधक विद्यार्थ्याला जानेवारी २०२३ पासून पहिली दोन वर्षं महिना ३७,००० आणि त्यानंतर ४२,००० रुपये ठरलेले आहेत, जास्तीत जास्त पाच वर्षं. महाराष्ट्रात बार्टी, सारथी आणि महाज्योती यांच्याही अधिछात्रवृत्त्या आहेत, आणि लातूर, नंदुरबार, गडचिरोलीची मुलं त्यांच्या बळावर संशोधनाकडे वळू शकतात. आकडे कागदावर बरे दिसतात. पण रक्कम कित्येक महिने थकते, मुलं मेसची उधारी वाढवत राहतात, आणि या प्रश्नांसाठी संशोधक विद्यार्थ्यांना आझाद मैदानात आंदोलनाला बसावं लागलेलं आहे. पाचव्या वर्षी प्रबंध हातात नसेल तर पुढचे महिने घरच्यांच्या जिवावर काढावे लागतात. ज्याला ते परवडत नाही तो मिळेल ती नोकरी धरतो, आणि त्याने हाताने मिळवलेलं सगळं त्याच्याबरोबर निघून जातं.

मागे उरते वही. लॅब नोटबुक बांधलेली असते, पानांना क्रमांक असतात, पेनानेच लिहायचं आणि पान फाडायचं नाही असा दंडक असतो, आणि विद्यार्थी गेला तरी वही प्रयोगशाळेतच राहते. तिच्यात फसलेले प्रयोगही असतात, म्हणून नव्या मुलाला ती छापील निबंधापेक्षा जास्त उपयोगी पडते. पण वहीसुद्धा पुरत नाही. सीनियरने ७२ टक्के काढलेल्या कृतीतून आपल्याला २० टक्केच मिळतात असं दिसलं की ज्युनिअर रात्री फोन लावतो. सीनियर आता हैदराबादच्या एखाद्या औषध कंपनीत असतो. ‘दादा, तुझ्या वहीतलं तसंच्या तसं केलं. टीएलसीवर स्पॉट स्वच्छ दिसतो, कॉलममधून मात्र काही उतरतच नाही.’ पलीकडून लगेच उत्तर येतं: ‘सिलिकाला किंचित आम्लता असते, त्यावर तो तुटतो. सिलिका भिजवतानाच एक टक्का ट्रायइथाइलअमीन घाल. आणि हे वहीत लिहून ठेव, माझ्याकडून राहिलंय.’